बोटीच्या बुडातलं पाणी आणि दोन बादल्यांचा पुरावा

जुनी फायबरची बोट बाळगणाऱ्यांना एक ठरावीक बोली कधी ना कधी ऐकू येते. बोट पूर्वीपेक्षा खाली बसते, वेग धरायला वेळ लावते, मागची बाजू जड वाटते, एवढं सांगायचा अवकाश, समोरचा म्हणतो, "बुडात पाणी अडकलंय. डेक फोडायची काही गरज नाही. खालून भोकं पाडतो, पाणी काढतो, गरम हवेनं आतून सुकवतो आणि वरून इपॉक्सीचा थर देतो. बोट नव्यासारखी." या कामाचे पूर्ण पैसे माझ्याकडून घेतले गेले. पाणी मात्र जवळजवळ सगळं आतच राहिलं. त्या कारागिरानं हे कसं साधलं ते नीट लिहितो, कारण यातली प्रत्येक युक्ती बघणाऱ्याला पटेल अशीच होती.

आधी बुडात काय असतं ते. लहान मोटरबोटींच्या डेकखाली बहुधा लाकडी स्ट्रिंगर, म्हणजे लांबीच्या दिशेनं बसवलेल्या आधाराच्या फळ्या, असतात, त्यांच्यावर फायबरचं कवच चढवलेलं असतं आणि मधल्या पोकळ्यांत पॉलियुरेथेनचा फोम ओतलेला असतो. बोटीत पाणी भरलं तरी ती बुडू नये, हे त्या फोमचं काम. त्याचे कप्पे बंद असतात, म्हणून तो पाणी पीत नाही असं मानलं जातं. नवा असताना ते बऱ्याच अंशी खरंही असतं. पण वर्षानुवर्षं पाण्यात बसून, हादरे खाऊन त्या कप्प्यांच्या भिंती फाटतात, वाफेच्या रूपानंही ओल हळूहळू आत शिरते. पाणी येतं कुठून? खुर्च्यांचे स्क्रू, ट्रान्समवर (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीवर) बसवलेल्या सेन्सरची भोकं, बिल्ज पंपाचे (बुडातलं पाणी उपसणाऱ्या पंपाचे) बोल्ट, आणि सगळ्यात जास्त वेळा तळाच्या बुचाचं भोक, ज्याच्या आतलं प्लायवूड कारखान्यातच उघडं राहिलेलं असतं.

म्हणजे बुडात दोन प्रकारचं पाणी असतं. एक मोकळं, जे पोकळीत साचतं आणि भोक पडलं की धो धो बाहेर येतं. दुसरं फोमनं आणि लाकडानं पिऊन ठेवलेलं. ते भोक पाडून येत नाही, बोट तिरकी करून महिनोन्‌महिने उभी ठेवली तरी येत नाही. जड झालेल्या बोटीचं बहुतेक वाढलेलं वजन या दुसऱ्या पाण्याचं असतं. साधा हिशेब बघा. असा फोम साधारणपणे घनमीटरला ३२ किलोच्या आसपास भरतो. त्याच घनमीटरचा निम्मा भाग पाण्यानं भरला तर ५०० किलो वाढले. हे सगळं डेकखाली, नजरेआड.

माझा कारागीर बोलण्यात पटाईत होता. स्ट्रिंगर, ट्रान्सम, लॅमिनेट, सगळे शब्द तोंडपाठ. हातोडीनं बुडावर ठोकून कुठे खणखणीत आणि कुठे बद्द आवाज येतो ते त्यानं ऐकवलं, आणि ते निदान बरोबरच होतं, हे नंतर सिद्धही झालं. त्यामुळे पुढच्या सगळ्या गोष्टींवर विश्वास बसायला जागा तयार झाली.

मग त्यानं ओल मोजायचा मीटर काढला. बोट नुकतीच पाइपानं धुतलेली, तळ ओला. त्या ओल्या पृष्ठभागावर मीटर टेकवला आणि मोठा आकडा दाखवला. काम झाल्यावर कोरड्या, उन्हात तापलेल्या बोटीवर, तेही पाण्याच्या रेषेच्या वर, जिथे आत फोमच नाही अशा जागी, पुन्हा मीटर टेकवला आणि बारा हा आकडा दाखवून म्हणाला, "बारा टक्के. एकदम कोरडी." हे बारा टक्के कशाचे? त्या मीटरची टक्क्यांची मोजपट्टी लाकडासाठी बेतलेली असते. फायबरवर येणारा आकडा फक्त तुलनेपुरता, म्हणजे याच बोटीच्या एका जागेची दुसऱ्या जागेशी तुलना करायला. शिवाय वरून ओल असेल, रंगात तांबं किंवा धातू असेल तर आकडा आपोआप वर जातो, आणि खोलवरच्या फोमपर्यंत मीटर पोचतच नाही. मोजायचंच असेल तर दोन्ही वेळा कोरड्या पृष्ठभागावर, खडूनं खूण केलेल्या त्याच त्या जागांवर मोजायला हवं. त्यानं एकही खूण केली नव्हती.

आणि मग तो बादलीचा प्रयोग. मागच्या बाजूला, सगळ्यात खोल जागी त्यानं ड्रिल लावलं. चहाच्या रंगाचं, कुजक्या वासाचं पाणी धार धरून पडू लागलं. पहिली बादली भरली, दुसरी बरीचशी भरली. मोबाइलवर व्हिडिओ घेतला. धार बारीक होत थांबली तेव्हा म्हणाला, "झालं, आता फक्त सुकवायचं." डोळ्यांसमोर पाणी पडताना बघितल्यावर कोणाला शंका येणार? त्या पाण्याचा रंग खरं तर सांगत होता की आत लाकूड कुजलंय. एवढा जाणकार माणूस त्याबद्दल चकार शब्द बोलला नाही.

सुकवण्याच्या नावाखाली त्यानं भोकांपाशी गरम हवेचा ब्लोअर लावून ठेवला. फोम मुळात उष्णता अडवणारा. हवा पोकळीतून फिरून त्याच वाटेनं परत येते, फोमच्या पोटातली ओल जागची हलत नाही. (जाता जाता: पेट्रोलची टाकी बसवलेल्या बोटीच्या बुडात गरम हवा सोडणं हा प्रकार जिवावर बेतू शकतो. याच एका कारणासाठी त्याला हाकलून द्यायला हवं होतं, असं दुसऱ्या कारागिरानं मला सुनावलं.) नंतर भोकांत पुट्टी भरली आणि सगळ्या तळाला चकचकीत थर मारला. त्याच्या भाषेत तो 'ओलरोधक' थर. आत ओल असताना बाहेरून असा थर देणं म्हणजे उरलेली वाटही बंद करणं. ओल्या लॅमिनेटवर (फायबरच्या थरांवर) मारलेला लेप पुढे फोड धरून सुटतो, आणि तसंच झालं.

चोरी उघडी पडली ती वजनकाट्यावर. काम द्यायच्या आधी ट्रेलरसकट बोटीचं वजन केलं होतं, टाकीत पेट्रोल किती आहे तेही लिहून ठेवलं होतं. ट्रेलर आणि इंजिन वजा करता बोट कारखान्याच्या कागदावरच्या वजनापेक्षा दोनशे किलोंहून जास्त भरत होती. कामानंतर पुन्हा काट्यावर नेली तर घट तिशी-पस्तिशीच्या आतबाहेर. म्हणजे त्या दोन बादल्या. पाणी लिटरमागे एक किलो, हिशेब तंतोतंत जुळला. एवढे दिवस ब्लोअर फिरला त्यानं जवळजवळ काहीच कमी झालं नव्हतं.

त्याला विचारलं तर म्हणाला, टाकीत पेट्रोल जास्त असेल. पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, पन्नास लिटरचेसुद्धा चाळीस किलो होत नाहीत, आणि टाकी दोन्ही वेळा सारखीच होती. मग म्हणाला, काटा चुकीचा. मग म्हणाला, जुन्या बोटीचं फायबरच जड होतं. शेवटी, "पाणी तर तुमच्या डोळ्यांसमोर काढलं ना?" असं म्हणून त्यानं काखा वर केल्या. पावतीवर काय लिहिलं होतं? 'बोटीचं पाणी काढणे व तळाला लेप देणे.' दोन्ही गोष्टी त्यानं केल्या होत्याच. त्या ओळीत तो आधीपासून सुरक्षित होता, आणि मला वाटतं ती ओळ त्यानं खूप विचार करून घडवलेली होती.

पुढे दुसऱ्या माणसानं डेकला मागच्या बाजूनं हाताच्या पंजाएवढा गोल काप घेतला आणि थेट तळापर्यंतचा फोम काढला. वरचे चार बोटं पिवळट, कोरडे, कुरकुरीत. त्याखाली रंग गडद होत गेलेला, आणि तळाचा तुकडा मुठीत दाबला तर बोटांच्या फटींतून पाणी गळायला लागलं. स्ट्रिंगरमध्ये स्क्रूड्रायव्हर जोर न लावता मुठीपर्यंत गेला. पहिल्या कारागिरानं पाडलेल्या भोकांत नुसती पुट्टी होती. पाण्याखालच्या भोकाच्या कडा उतरत्या घासून त्यावर फायबरच्या कापडाचे थर द्यावे लागतात, ते काहीच नव्हतं. दोन ठिकाणी पुट्टी कडेनं सुटली होती. पाणी काढायच्या नावानं पाडलेली भोकं आता पाणी आत घेत होती.

इलाज एकच आहे आणि तो कटकटीचा आहे. डेक कापायचा, ओला फोम खरवडून काढायचा, कुजलेले स्ट्रिंगर बदलायचे, सगळं नीट वाळू द्यायचं, मग नवा फोम भरायचा. काही जण खर्च वाचवायला पॅकिंगचा पांढरा थर्मोकोल भरतात. पेट्रोलनं आणि पॉलिएस्टर रेझिननं तो विरघळतो. फोम भरायचाच नाही, पोकळ्या रिकाम्या ठेवू, असंही कोणी सुचवेल. त्या पोकळ्या हवाबंद केल्या नाहीत तर बोट पाण्यानं भरल्यावर तिला तरंगत ठेवणारं काहीच उरत नाही.

तुमच्याकडे असा कोणी आला तर त्याला कामाच्या आधी तळापर्यंतचा फोमचा एक नमुना काढायला सांगा. डेकवरच्या त्या कापावर नंतर गोल झाकण बसवता येतं, बोटीचं काही बिघडत नाही. खरा कारागीर स्वतःच हे सुचवतो. आणि कागदावर 'पाणी काढणे' असं लिहू देऊ नका. आधीचं वजन, नंतरचं अपेक्षित वजन, आणि फरक पडला नाही तर पैसे कोण परत करणार, हे लिहून घ्या. पैशांचा मोठा भाग दुसऱ्या वजनानंतरच द्या. एवढं बोलल्यावर बरेच जण हातातलं दुसरं काम आठवून निघून जातात.

माझे पैसे परत मिळालेले नाहीत. तो माणूस अजून काम करतोय. गिऱ्हाइकाला खात्री पटावी म्हणून तो तपकिरी धारेचा एक व्हिडिओ दाखवतो, असं दोघांकडून कळलं. बोट पांढरी, पाण्याच्या रेषेवर निळा पट्टा आणि ट्रान्समच्या उजव्या कोपऱ्यात तुटलेली शिडी, असं त्यात दिसलं तर ती माझी बोट. तिचा डेक सध्या उघडा आहे आणि त्यातून निघालेला फोम अजून ओला आहे.