फेलोशिपच्या नव्या मुलांसाठी व्हॉट्सॲप बिझनेस: पाचपैकी साडेतीन

जून-जुलैत ॲडमिशन उरकल्या की कॉलेज फेलोशिपच्या, म्हणजे ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या गटाच्या, वेलकम मीटला खोली भरते. गणपतीपर्यंत त्यातले मोजके चेहरे उरतात. रागावून कुणी गेलेलं नसतं, बहुतेकांना नंतर कुणी हाकच मारलेली नसते. नावांची वही एका सीनियरच्या बॅगेत, ग्रुप दुसऱ्याच्या फोनवर, आणि कोणाला कोणी फोन करायचा हे कधी ठरलेलंच नसतं. यू.ई.एस.आय. या इव्हँजेलिकल विद्यार्थी संघटनेचा कॉलेजातला ई.यू. गट असो, कॅथलिक तरुणांची जीझस यूथ चळवळ असो की चर्चचा तरुण संघ, गळती इथेच होते. त्यावर व्हॉट्सॲप बिझनेस हे दुकानदारांसाठीचं फुकटचं ॲप कितपत चालतं ते पाहू.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे शॉर्ट लिंक आणि तिचा क्यूआर. लिंकला आधीच लिहिलेला मजकूर जोडता येतो: ‘नमस्कार, माझं नाव... कोर्स आणि वर्ष... हॉस्टेल की घर... घरचं चर्च असल्यास...’ कागदावर मोठा क्यूआर छापून दाराजवळच्या टेबलावर ठेवायचा. नवा मुलगा स्कॅन करतो, जागा भरतो, पाठवतो. नंबर चुकायचा प्रश्नच उरत नाही. कागदी कार्डावर घाईत लिहिलेला १ पुढे ९ वाचला जातो आणि एक मुलगी कायमची हातची जाते. शिवाय पहिला मेसेज तिने स्वतः पाठवलेला असतो, म्हणजे तिची संमती पहिल्या ओळीतच मिळते. हॉलमध्ये रेंज नसेल म्हणून दहा-पंधरा कोरी कार्डं जवळ असू द्या. कार्ड भरलं की तिथेच मिस्ड कॉल देऊन नंबर तपासा. वर्षाच्या मध्यात क्यूआर रीसेट करू नका, छापलेले सगळे कागद बाद होतात.

दुसरी जमेची बाजू लेबलांची. ॲप उघडताच ‘नवीन ग्राहक’, ‘पेमेंट बाकी’ अशी दुकानदारी लेबलं दिसतात. ती आधी बदला. २० लेबलं करता येतात, सहा पुरतात: फोन बाकी, एकदा भेट, दोनदा आले, सेलमध्ये (फेलोशिपमधल्या छोट्या गटात) आहेत, १८ खाली, आणि ‘नको म्हणाले’. लेबल समोरच्याला दिसत नाही. दर रविवारी रात्री ‘फोन बाकी’ उघडायचं आणि तिथली नावं वाटून घ्यायची. एका सीनियरकडे पाचपेक्षा जास्त नावं देऊ नका. चाळीस नवे आले तर आठ जण लागतातच. आठ नसतील तर वेलकम मीट लहान ठेवा. सांभाळता येणार नाहीत इतक्या लेकरांना बोलावणं त्यांच्यावरच अन्याय आहे.

आता दोष. आपोआप जाणारा ‘ग्रीटिंग मेसेज’ अगदी बंदच ठेवावा असं आमचं मत. समोरून पहिल्यांदा मेसेज आला की तो जातो हे खरं, पण १४ दिवस गप्प राहून कुणी पुन्हा लिहिलं तरी तो परत जातो. म्हणजे दोन महिने सेलमध्ये बसलेली, परीक्षेमुळे तीन आठवडे न दिसलेली मुलगी ‘उद्या येऊ का?’ विचारते आणि तिला उत्तर मिळतं: ‘आमच्या फेलोशिपमध्ये तुमचं स्वागत आहे!’ तिला वाटतं, यांना मी कोण हेच ठाऊक नाही. तो वापरायचाच असेल तर ‘ॲड्रेस बुकमध्ये नसलेल्यांना’ हा पर्याय निवडा आणि प्रत्येक नवा नंबर त्याच रात्री सेव्ह करा.

‘क्विक रिप्लाय’चंही तसंच. तिरकी रेघ टाकली की साठवलेला मजकूर येतो. सभेची वेळ, पत्ता, बसस्टॉप यासाठी झकास. पहिल्या उत्तरासाठी मात्र हाताने लिहा. ‘प्रिय बंधू-भगिनी, आपल्या उपस्थितीबद्दल आभार’ वाचून कुणी परत येत नाही. याउलट हे पाहा: ‘नमस्कार रोहित, मी प्रिया, टी.वाय. बी.एस्सी. काल तू गिटारबद्दल विचारत होतास ना? शुक्रवारी सराव असतो, ४ वाजता कँटीनपाशी भेटू का?’ नाव, कालची एक खूण, नेमकी वेळ, नेमकी जागा. हा मेसेज त्याच संध्याकाळी जावा, आणि ४८ तासांच्या आत प्रत्यक्ष भेट किंवा फोन. ‘जय ख्रिस्त’ने सुरुवात घरच्यांना छान वाटते, पण मित्राबरोबर सहज आलेल्या मुलाला ‘नमस्कार’च बरा.

एकाच नंबरवर अनेक जण उत्तर देतात (मुख्य फोनखेरीज ४ डिव्हाइस जोडता येतात), त्यामुळे प्रत्येक मेसेजखाली नाव लिहिण्याचा नियमच करा. मुलींना मुलींनीच लिहावं. आपण कोणाशी बोलतोय हे हॉस्टेलमधल्या मुलीला कळलंच पाहिजे. सगळ्यांना थेट ग्रुपमध्ये ओढू नका: तिथे प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. कम्युनिटीच्या (अनेक ग्रुप एकत्र बांधणाऱ्या सोयीच्या) घोषणा ग्रुपमध्ये नंबर फक्त ॲडमिनला आणि ज्यांनी तो आधीच सेव्ह केलाय त्यांना दिसतो, तो ग्रुपच वापरा. ब्रॉडकास्टवर, म्हणजे एकच मेसेज यादीतल्या सगळ्यांना वेगवेगळा पाठवण्यावर, फार भिस्त नको. ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलेला नाही त्यांच्यापर्यंत तो पोहोचतच नाही, आणि नव्या मुलांतल्या बऱ्याच जणांनी तो केलेला नसतो.

अकरावी-बारावीची मुलं आली तर सावध. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ खालची व्यक्ती बालक धरली जाते. पालकांची परवानगी मिळेपर्यंत त्यांची माहिती साठवू नका. प्रोफाइलमध्ये ‘ख्रिस्ती विद्यार्थी फेलोशिप’ असं स्पष्ट लिहा. ‘युथ क्लब’ म्हणून बोलावून नंतर बायबल स्टडी काढणं ही फसवणूक आहे, आणि विश्वास तिथेच संपतो. तीन निमंत्रणांना उत्तर नाही आलं तर थांबा. नको म्हटलं तर त्याच दिवशी थांबा आणि नंबरही काढून टाका.

घरच्या चर्चचा प्रश्न लिंकच्या मजकुरात का, असं बरेच विचारतात. वसईच्या कॅथलिक मुलाला जवळच्या पॅरिशमधल्या (स्थानिक चर्चमधल्या) मिस्साची, म्हणजे उपासनेची, वेळ हवी असते, नवापूरकडच्या मावची आदिवासी मुलीला आपल्या बोलीत प्रार्थना करणारं कुणी, मिझोरमच्या मुलाला इंग्रजी सेल. त्या एका उत्तरावरून पहिल्या भेटीला कोणाला पाठवायचं ते ठरतं. कॅथलिक मुलाला आपल्या चर्चकडे ओढण्यासाठी ही माहिती वापरू नका.

फेलोशिपचं वेगळं सिम घ्या आणि त्यावर रिचार्ज चालू ठेवा. मुख्य फोन १४ दिवस वापरला नाही तर जोडलेली डिव्हाइस लॉगआउट होतात, म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तो फोन कपाटात ठेवू नका. टू-स्टेप पिन सहा आकडी असतो. तो दोघांना ठाऊक असावा आणि रिकव्हरी ईमेल फेलोशिपचा असावा. मार्चमध्ये टी.वाय.ची मुलं बाहेर पडण्यापूर्वी पिन बदला, जुनी डिव्हाइस काढा, आणि ‘फोन बाकी’तल्या उरलेल्या नावांवर नव्या टीमबरोबर अर्धा तास बसा.