जुना सुपरमॅन, नवा सुपरमॅन: काही महिने जोडीने वाचल्यावर

गेले काही महिने मी सुपरहिरो कॉमिक्स एका ठरावीक पद्धतीने वाचते आहे. एखाद्या नायकाच्या सर्वांत जुन्या कथांचं पुनर्मुद्रण आधी घ्यायचं आणि लगेच त्याच नायकाची अलीकडे सुरू झालेली मालिका वाचायची. पहिल्यांदाच कॉमिक्सकडे वळणाऱ्यालाही मी हेच सुचवेन, कारण एकेकटी वाचली तर दोन्ही पुस्तकं अर्धीच कळतात.

सर्वांत जमलेली जोडी सुपरमॅनची. डीसी या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाने २०२४ च्या अखेरीस 'डीसी फायनेस्ट' नावाने जाडजूड पेपरबॅक खंड काढायला सुरुवात केली. त्यातला 'सुपरमॅन: द फर्स्ट सुपरहिरो' हा खंड १९३८ च्या 'अ‍ॅक्शन कॉमिक्स'च्या पहिल्या अंकापासून सुरू होतो. जेरी सीगल आणि जो शुस्टर या क्लीव्हलंडच्या दोन तरुणांनी १३० डॉलरला या पात्राचे हक्क विकले, तो हा सुपरमॅन. तो अजून उडत नाही, लांबच लांब उड्या मारतो. परग्रहावरचे राक्षस इथे नाहीत. तो भिडतो बायकोला मारणाऱ्या नवऱ्याशी आणि दलालाच्या मुठीत गेलेल्या सिनेटरशी. तिसऱ्या अंकातली गोष्ट तर मी कितीदा तरी उघडली असेल. खाणीत अपघात होतो, मालक कामगाराचीच चूक काढतो. मग सुपरमॅन कामगाराच्या वेशात जाऊन त्या मालकाला, मेजवानीला जमलेल्या त्याच्या पाहुण्यांसकट, खाणीत अडकवतो. सुटकेसाठी फावडी हातात घ्यायची वेळ आल्यावर मालकाला सुरक्षिततेचा अर्थ कळतो. महामंदीने पिचलेल्या अमेरिकेचा राग या पानांवर उघड दिसतो.

हे वाचून झाल्यावर 'अ‍ॅब्सोल्यूट सुपरमॅन' उघडा. जेसन आरन यांचं लेखन, राफा सँडोव्हल यांची चित्रं. यातला काल-एल, म्हणजे सुपरमॅनच, क्रिप्टॉन या आपल्या मूळ ग्रहावरच्या कष्टकरी घरात जन्मलेला आहे आणि पृथ्वीवर तो खाणीत राबणाऱ्या माणसांच्या बाजूने एका बलाढ्य कंपनीविरुद्ध उभा राहतो. नुसतं हेच वाचलं तर लेखकाने मूळ पात्र बदलून टाकलं असं वाटेल. जुना खंड आधी वाचलेल्याला मात्र १९३८ चा तोच राग पुन्हा भेटतो. वाचण्याचा वेग मात्र अगदी वेगळा. सीगलच्या पानांत मजकूर भरपूर असतो, म्हणून एका वेळी दोन-तीन कथाच वाचाव्यात. सँडोव्हलची पानं भराभर उलटतात.

दुसरी जोडी स्पायडरमॅनची. मार्व्हल ही प्रकाशनसंस्था जुन्या अंकांच्या हुबेहूब प्रतिकृती काढते, म्हणजे त्या काळच्या जाहिरातींसह संपूर्ण अंक. १९६२ च्या 'अमेझिंग फँटसी' अंक १५ ची अशी प्रत जरूर घ्या. स्टॅन ली आणि स्टीव्ह डिटको यांची ती पहिली कथा अवघ्या ११ पानांची आहे. शक्तीसोबत जबाबदारी येते हे प्रसिद्ध वाक्य इथे नायक पीटरचे बेनकाका म्हणतच नाहीत. ते शेवटच्या चौकटीत निवेदनात येतं. त्यानंतर जोनाथन हिकमन आणि मार्को केकेट्टो यांचा २०२४ चा 'अल्टिमेट स्पायडरमॅन' घ्या. यात पीटर संसारी आहे, दोन मुलांचा बाप आहे आणि बेनकाका जिवंत आहेत. शक्ती अपघाताने मिळत नाही, ती घ्यायची की नाही हे त्याला वयाच्या तिशीनंतर ठरवावं लागतं. घरातली संभाषणं हिकमनने फार प्रेमाने लिहिली आहेत. माझ्या मते हाच या मालिकेचा प्राण.

पुनर्मुद्रणात रंगांकडे लक्ष द्या. जुने अंक स्वस्त, पिवळट कागदावर ठिपक्यांच्या छपाईसाठी रंगवलेले असत. तेच सपाट रंग चकचकीत पांढऱ्या कागदावर आले की भडक दिसतात. मला मॅट कागदावरची आवृत्तीच बरी वाटते.

आकाराचंही तसंच. डीसीची 'कॉम्पॅक्ट कॉमिक्स' ही साडेपाच बाय साडेआठ इंचांची मालिका ९.९९ डॉलरच्या छापील किमतीत संपूर्ण कथा देते, आणि त्या किमतीला तोड नाही. लोकलमध्येही पुस्तक आरामात धरता येतं. 'वॉचमेन' हे कॉमिक या आकारात टिकतं, कारण डेव्ह गिबन्सची नऊ चौकटींची पानं शिस्तशीर आहेत. अक्षरं बारीक होतात, तेवढं सोसावं. 'कोर्ट ऑफ आउल्स'मध्ये बॅटमॅन भूलभुलैयात भरकटतो तेव्हा पानंही आडवी-उलटी होतात आणि पुस्तक हातात फिरवावं लागतं. ते छोट्या प्रतीत सोपं जातं. पण 'हश' ही बॅटमॅनची कथा मोठ्या आकारातच घ्या. जिम ली यांची दोन पानांवर पसरलेली चित्रं छोट्या प्रतीत शिवणीत गडप होतात.

'अ‍ॅब्सोल्यूट बॅटमॅन' मला फार आवडलं, तरी आठवीतल्या भाच्याला दिलं नाही. यातला ब्रूस, म्हणजे बॅटमॅन, श्रीमंत नाही, शिक्षकाचा मुलगा आहे, ही कल्पना सुंदर आहे. पण छातीवरचं वटवाघूळ काढून तो कुऱ्हाडीसारखं वापरतो आणि रक्तपात बराच आहे. भाच्याला मी मार्क वेड आणि डॅन मोरा यांचं 'वर्ल्ड्स फायनेस्ट' दिलं. बॅटमॅन-सुपरमॅनची घट्ट मैत्री, उजळ चित्रं, आणि मागचं काही माहीत नसलं तरी अडत नाही.

ऑनलाइन मागवताना एका विक्रेत्याने जाड खंड नुसत्या प्लास्टिकच्या पिशवीत पाठवला आणि कोपरे चेपले, तेव्हा खोक्यातून पाठवणार का ते आधी विचारा. आणखी एक: 'डीसी फायनेस्ट'चे खंड काळाच्या क्रमाने निघत नाहीत. वंडर वुमनचा 'ओरिजिन्स अँड ओमेन्स' हा खंड १९४० च्या दशकातला नाही, गेल सिमोन यांच्या २००८ च्या आसपासच्या कथांचा आहे. त्यामुळे नाव पाहून पैसे भरू नका, आत कोणत्या वर्षांचे अंक आहेत ते तपासा.