गॅली, स्टोरी की लेआउट: इनकॉपीत मजकूर कुठे वाचायचा?

इनकॉपीत फाइल उघडली की मजकुराच्या माथ्यावर तीन टॅब दिसतात: गॅली, स्टोरी आणि लेआउट. मजकूर तोच, दाखवण्याची रीत वेगळी. दिवाळी अंकाच्या धामधुमीत नव्याने कामाला लागलेली मुले-मुली पहिल्याच दिवशी विचारतात, “ताई, यातल्या कशात काम करायचं?” उत्तर मिळेपर्यंत बहुतेकांनी लेआउट उघडलेला असतो, कारण तिथे पान पानासारखे दिसते. माझे उत्तर मात्र ठरलेले आहे: पहिले वाचन स्टोरीत, दुरुस्त्या आणि काटछाट गॅलीत, आणि लेआउट सगळ्यात शेवटी, पाहण्यापुरता.

ज्यांनी इनकॉपी वापरलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. अॅडोबीची ही प्रणाली म्हणजे इनडिझाइनची जोडीदार. डीटीपी ऑपरेटर इनडिझाइनमध्ये पान लावतो, आणि संपादक त्याच पानातला मजकूर ‘चेक आउट’ करून, म्हणजे तेवढ्या वेळापुरता आपल्या ताब्यात घेऊन, इनकॉपीत दुरुस्त करतो. चौकटी, चित्रे, मांडणी यांना त्याचा हात लागत नाही. कागदावरच्या खुणा ऑपरेटरने पुन्हा टाइप करायच्या आणि त्यात नव्या चुका घालायच्या, हा फेरा त्यामुळे वाचतो.

लेआउट: पान दिसते, मजकूर लपतो

काही वर्षांपूर्वी एका दिवाळी अंकात एका ललित लेखाच्या शेवटच्या दोन ओळी छापल्याच गेल्या नाहीत. चूक माझी होती. मी लेआउटमध्ये बसून दुरुस्त्या करत होते. लेखाच्या दुसऱ्या पानावरचे एक वाक्य स्पष्ट व्हावे म्हणून चार शब्द वाढवले. मजकूर खाली सरकत गेला आणि चौथ्या पानावरचा शेवट चौकटीबाहेर पडला. लेआउटमध्ये चौकटीत न मावलेला मजकूर दिसत नाही आणि चौथे पान तेव्हा माझ्या समोर नव्हते. इनडिझाइनच्या प्रीफ्लाइटमध्ये, म्हणजे छपाईआधीच्या आपोआप तपासणीत, अशा वेळी लाल ठिपका लागतो, पण त्या रात्री तो कोणी पाहिला नाही. अंक हातात पडल्यावर लेखकाचा फोन आला. ते रागावले नव्हते, पण लेखाचा सगळा जीव त्या दोन ओळींत होता, हे त्यांनी ज्या आवाजात सांगितले तो आवाज मी विसरलेले नाही.

दुसरी अडचण ट्रॅक चेंजेसची. कोणी काय बदलले याच्या रंगीत खुणा इनकॉपी फक्त गॅलीत आणि स्टोरीत दाखवते. लेआउटमध्ये बदल करताना ट्रॅकिंग चालू असेल तर नोंद होते, पण डोळ्यांना काही दिसत नाही. तुमच्यानंतर वाचणारा सहकारीही लेआउटमध्येच बसला असेल, तर कोणता शब्द लेखकाचा आणि कोणता तुमचा हे त्याला कळायला मार्ग नाही.

तरीही लेआउट टाळता येत नाही. छायाचित्राखाली ‘डावीकडून’ म्हणून दिलेली नावे चित्रातल्या माणसांशी जुळतात का, लेखातून उचललेले ठळक वाक्य भलत्याच लेखाच्या पानावर तर गेले नाही ना, ‘पान ४७ वर पाहा’ म्हटलेले खरेच ४७ वर आहे का, हे तिथेच कळते. शब्दांमधल्या भगदाडांचेही तसेच. अरुंद कॉलममध्ये ‘वस्तुसंग्रहालयासमोरच्या’सारखा लांब शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत उरलेले तीन शब्द ताणून बसवले जातात. ओळ कुठे तुटली ते गॅली सांगते, पण तुटल्यामुळे ती किती विद्रूप झाली हे लेआउटच दाखवतो.

गॅली: ओळींचा हिशेब इथेच

नाव खिळ्यांच्या छपाईतून आलेले आहे. जुळवलेल्या खिळ्यांच्या ओळी ज्या लांबट तबकात ठेवत ती गॅली, आणि पाने पाडण्याआधी त्यावरून कागदाच्या लांब पट्टीवर जो ठसा घेत तो गॅलीप्रूफ. इनकॉपीतली गॅली तेच काम करते. ओळ पानावर जिथे तुटते तिथेच इथेही तुटते, पण चित्रे, चौकटी, रंग काही नसते. डाव्या बाजूला परिच्छेदाच्या स्टाइलचे (फाँट, आकार वगैरे ठरवून ठेवलेल्या साच्याचे) नाव आणि ओळीचा क्रमांक असतो. उपशीर्षकाला चुकून मुख्य मजकुराची स्टाइल लागली असेल तर त्या नावांवरून नजर फिरवताच लक्षात येते.

आणि न मावलेला मजकूर इथे पूर्ण दिसतो. चौकट जिथे संपते तिथे एक आडवी खूण येते आणि उरलेल्या ओळी तिच्याखाली वाचता येतात. शिवाय कॉपीफिटची पट्टी मजकूर किती ओळींनी जास्त झाला ते सांगते. मजकूर कमी असेल तर ती निळी होते, जास्त असेल तर लाल.

समजा, सात ओळी जास्त आहेत. नवखा संपादक एक अख्खा परिच्छेद उडवतो आणि लेखकाशी भांडण ओढवून घेतो. त्याऐवजी गॅलीत प्रत्येक परिच्छेदाची शेवटची ओळ पाहत खाली या. ज्या परिच्छेदाच्या शेवटच्या ओळीवर ‘आहे.’ किंवा ‘होता.’ एवढा एकच शब्द एकटा पडलेला आहे, तिथे थांबा. त्याच परिच्छेदात वर कुठेतरी ‘खरे तर’, ‘या ठिकाणी’, ‘अशा प्रकारचे’ असे काहीतरी सापडते. ते काढले की एकटा शब्द वरच्या ओळीत जातो आणि पूर्ण ओळ वाचते. चार पानांच्या लेखात असे सात परिच्छेद बहुधा मिळतात. लेखकाचे एकही वाक्य न गमावता मजकूर बसतो. हे काम स्टोरीत करता येत नाही, आणि लेआउटमध्ये केले तर पाने मागे-पुढे सरकवण्यातच जीव जातो. मी गॅलीच्या बाजूने इतकी का बोलते त्याचे मुख्य कारण हेच.

स्टोरी: अर्थासाठी

स्टोरीत ओळ खिडकीच्या रुंदीइतकी धावते, पानावर ती कुठे तुटते याचा संबंध नसतो. स्टाइलची नावे आणि बदलांच्या खुणा गॅलीसारख्याच दिसतात. पहिल्या वाचनात मला ओळी नकोच असतात. वाक्य कुठे अडते, संदर्भ कुठे सुटतो एवढेच पाहायचे असते. अनुवाद आणि मुलाखती तर मी आधी इथेच वाचते. खिडकी मात्र थोडी अरुंद करून घ्या, नाहीतर मोठ्या पडद्यावर ओळ इतकी लांबते की परत येताना नजर चुकते.

गॅली आणि स्टोरी या दोघींचा समान फायदा म्हणजे अक्षर तुमच्या सोयीचे निवडता येते. प्रेफरन्सेसमध्ये ‘गॅली अँड स्टोरी डिस्प्ले’ आहे. तिथे फाँट, आकार, ओळींमधले अंतर ठरवा. छापील पानाला त्याने धक्का लागत नाही. अंक १० पॉइंटात लावलेला असला तरी मी १८ पॉइंटात वाचते. ‘सुत’ म्हणजे मुलगा आणि ‘सूत’ म्हणजे धागा. बारीक टाइपात हे दोन उकार सारखेच भासतात आणि सुटलेला अनुस्वारही नजरेतून निसटतो. लेआउटमध्ये झूम करता येते, पण मग कॉलमचे एक टोक पडद्याबाहेर जाते.

मराठीपुरत्या दोन अडचणी

पहिली जुन्या फाँटची. अनेक कार्यालयांत आजही श्रीलिपीसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व पद्धतीच्या फाँटमध्ये मजकूर येतो. (युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी आजची पद्धत.) तो मजकूर आतून रोमन अक्षरांच्या जागांवर साठवलेला असतो आणि फाँट चढला तरच मराठी दिसतो. गॅली आणि स्टोरी पानावरचा फाँट बाजूला ठेवून आपला फाँट वापरतात, म्हणून तिथे अनोळखी रोमन चिन्हांचा ढीग दिसतो. घाबरू नका, मजकूर बिघडलेला नाही. डिस्प्लेसाठी तोच जुना फाँट निवडला की वाचता येते, पण मग मधेमधे आलेले युनिकोड परिच्छेद आणि इंग्रजी शब्द वाचता येत नाहीत. असा मिश्र अंक असेल तर तुमच्यापुढे लेआउट हाच एक पर्याय उरतो, आणि तो अपुरा आहे. शक्य असेल तर पान लावण्याआधीच सगळा मजकूर युनिकोडमध्ये आणा. अॅडोबीने २०१२ साली सीएस६ आवृत्तीपासून मराठीसह दहा भारतीय भाषांची सोय केलेली आहे. परिच्छेदाला ‘वर्ल्ड-रेडी’ कंपोझर (भारतीय लिप्यांची अक्षरे नीट जुळवणारी सोय) लावायचे तेवढे ऑपरेटरला आठवणीने सांगा, नाहीतर जोडाक्षरे सुटतात आणि पहिली वेलांटी जागा सोडते.

दुसरी अडचण ट्रॅक चेंजेसची. ‘कवि’चे ‘कवी’ करताना फक्त वेलांटी बदलली तर खुणांमध्ये खोडलेली वेलांटी आणि नवी वेलांटी ‘व’पासून सुटी पडते आणि पुढच्या वाचणाऱ्याला नेमके काय बदलले ते उलगडत नाही. मी अख्खा शब्द खोडून पुन्हा लिहिते. दोन सेकंद जास्त जातात, पण खूण स्वच्छ राहते.

इनकॉपी नसेल तर

छोट्या अंकांकडे बहुधा इनडिझाइनची एकच प्रत असते. त्यातला स्टोरी एडिटर (कंट्रोल + वाय) इनकॉपीच्या स्टोरीसारखाच आहे: स्टाइलची नावे दिसतात, न मावलेला मजकूर वेगळा दिसतो आणि सीएस५ पासून बदलांच्या खुणाही. गॅली मात्र तिथे नाही, म्हणून वर सांगितलेला ओळी वाचवण्याचा मार्ग तिथे चालत नाही. इनकॉपीची वर्गणी इनडिझाइनपेक्षा बरीच कमी आहे. अंकात सात-आठ मोठे लेख असतील आणि दर वर्षी शेवटच्या आठवड्यात काटछाट होत असेल, तर केवळ गॅलीसाठी ती घ्यावी असे मी सांगेन. बातमीपत्र चार पानी असेल, तर स्टोरी एडिटर आणि पीडीएफवरच्या खुणा पुरतात.

कवितांच्या पानांचा क्रम मी वेगळा ठेवते. तिथे गॅली जवळजवळ लागत नाही. एका बाजूला स्टोरी उघडते. खिडकी पुरेशी रुंद केली की ओळ कवीने जिथे तोडली तिथेच संपते. मग लेआउट उघडून ओळी मोजते. स्टोरीत चौदा आणि पानावर पंधरा असतील, तर कॉलमच्या रुंदीने एक ओळ कवीला न विचारता मोडली आहे. तेव्हा टाइप अर्ध्या पॉइंटाने कमी करायचा की चौकट रुंद करायची, एवढेच ऑपरेटरशी बोलायचे उरते.