उभ्या मशीनवर आकडे पळत होते, तरी मी पैसे दिले

एकूण १,८२,९०० रुपये गेले. खत टाकणाऱ्या मशीनचे १,६८,०००, माती परीक्षण आणि नकाशाचे ८,४००, "अनुदानाची फाईल करून देतो" म्हणून ६,५००. शेवटच्या दोन रकमा रोख दिल्या, पावती नाही. घरीसुद्धा हा आकडा मी महिनाभर लपवला होता.

मी गोव्यातल्या पेडण्याचा. बारा हजार चौरस मीटर भातशेती. वर मोरड म्हणजे उंच जमीन, मधे खेर म्हणजे मध्यम उंचीची, खाली खाजनाला (खाऱ्या पाण्याच्या सखल जमिनीला) लागलेले कुणगे, म्हणजे छोटे वाफे. तिन्ही जागी एकाच मापाने खत घालणं चूक आहे, हे मला कोणी शिकवायला नको. म्हणून जागेप्रमाणे खत कमी-जास्त सोडणारं मशीन म्हटल्यावर मी ओढला गेलो. हाव नव्हती, गरज खरी होती. अशी मशिनं खरोखर असतात, म्हणून तर विश्वास बसला.

एजंटने दाखवायला आणलं त्या दिवशी ते मेरेवर, म्हणजे बांधावर, उभं होतं. पडद्यावर माझ्या शेताचा रंगीत नकाशा, आणि त्यावर खताचे आकडे ४०, ७५, ११० असे बदलत होते. आमचा गडी म्हणाला, "दादा, मशीन उभं आहे ना? मग आकडे कसे धावतात?" एजंट म्हणाला, "काका, उपग्रह पकडतोय." आणि मी गड्याला गप्प बसवलं. त्या एका वाक्यावर मी थांबायला हवं होतं. रात्री झोप लागत नाही ती त्याच आठवणीने.

दुसरी खूण नकाशातच होती. माती एजंटने फक्त तीन ठिकाणची घेतली, नकाशावर रंग नऊ. बाकीचे सहा आले कुठून?

वायंगणाला, म्हणजे पावसाळ्यानंतरच्या भाताला, वरखत घालायच्या वेळी सगळं उघडं पडलं. माझे काही कुणगे जेमतेम आठ मीटर रुंद, आणि मशीनची तबकडी खत फेकते त्याहून लांब. माझा युरिया शेजाऱ्याच्या भातात. साध्या मोबाईलचं जीपीएस तीन-चार मीटर सहज चुकतं, म्हणजे एवढ्या कुणग्यात आपण कुठल्या बाजूला आहोत हेच मशीनला कळणार नाही. दमट हवेत युरियाचे गठ्ठे होऊन तोंड बुजायचं, ते वेगळंच. शेवटी तोंडाखाली बादली धरून मिनिटभराचं खत वजन केलं. ४० वर २ किलो ३०० ग्राम, ११० वरही २ किलो ३०० ग्राम! म्हापशाच्या मेकॅनिकने पेटी उघडली तर आत एक जुना मोबाईल. खताच्या झडपेला त्याची एकही वायर जोडलेली नव्हती.

मशीन विकत घेण्याआधीच अशी बादली धरा. युरियाला वेगळी आणि डीएपीला वेगळी, कारण दाणा बदलला की माप बदलतं.

पोलिसांकडे तीनदा गेलो. "हा व्यवहारातला वाद, दिवाणी दावा करा." कृषी कार्यालयात म्हणाले, मॉडेल अनुदानाच्या यादीत नाही, आम्हाला विचारलं होतं का? अहो, तो माणूस मेळाव्यात तुमच्याच मांडवात टेबल मांडून बसला होता! तेव्हा यादी कुठे होती? नंतर त्याच कार्यालयात चार खेपा घातल्या, दर वेळी साहेब मिटिंगला. लेखी द्या म्हणाले, दिलं, पोच मागितली तर "ठेवून जा". बँकेने सांगितलं, चेक वटला, आता काही होत नाही. शेतकऱ्याने कर्ज थकवलं तर हेच लोक दारात येतात.

अनुदान म्हणून कोणी रोख मागितली तर तिथेच उठा. मंजुरी आधी, खरेदी नंतर. पावतीवर जीएसटी क्रमांक बघा. माझ्या पावतीवर नव्हता आणि मी पाहिलाही नाही. ऑनलाईन पैसे गेले असतील तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा. ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जावं लागतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही. हे मला वकिलाकडून कळलं, कुठल्याही कार्यालयातून नाही.

मशीन मांगरात (शेतावरच्या खोपीत) पडून आहे. परवा कानावर आलं, तसंच निळं मशीन डिचोलीच्या बाजूला कोणाच्या तरी शेतात दाखवलं. तुमच्याकडे आलं तर ते उभं असताना पडदा बघा, आणि गडी काही विचारत असेल तर त्याला बोलू द्या.