मुख्रानी घराण्याचा वंशवृक्ष-तक्ता : नऊ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

जॉर्जियाच्या बाग्रातिओनी राजकुळाचा आणि त्यातही मुख्रानी शाखेचा सविस्तर वंशवृक्ष दाखवणारा पाच फूट रुंदीचा छापील तक्ता मी गेल्या नोव्हेंबरात एका परदेशी विक्रेत्याकडून मागवला. तेव्हापासून तो फोंड्यातील माझ्या घरी टेबलासमोरच्या भिंतीवर आहे. सोबत चाळीस पानांची इंग्रजी पुस्तिका मिळते. टपालखर्च आणि सीमाशुल्क धरून सगळे मिळून पाच हजारांच्या घरात गेले, आणि कागदाच्या एका गुंडाळीला एवढे पैसे कशाला, हा प्रश्न घरात आजही अधूनमधून विचारला जातो.

तक्ता घेण्याचे कारण जुन्या गोव्यातील सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यापाशी घडले. पुण्याहून आलेल्या भाच्याला तो पडका मनोरा दाखवताना, येथे जॉर्जियाच्या राणी केतेवानचे अवशेष सापडले, एवढे मी सांगितले. त्यावर त्याने विचारले, "मामा, ही राणी कुणाची कोण?" १६२४ साली इराणच्या शाह अब्बासच्या हुकमाने शिराझमध्ये तिचा छळ करून वध झाला, पोर्तुगीज ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी अवशेषांचा काही भाग १६२७ साली गोव्यात आणला, हैदराबादच्या सीसीएमबी या प्रयोगशाळेने डीएनए चाचणीतून ओळख पटवण्याचे काम केले आणि २०२१ साली त्या अवशेषांचा अंश भारत सरकारने जॉर्जियाला भेट दिला, हे मला ठाऊक होते. पण कुणाची कोण, याचे उत्तर माझ्याकडे नव्हते.

प्रथम वस्तूविषयी. कागद जाड आहे, छपाई स्वच्छ आहे आणि रंगयोजना विचारपूर्वक केलेली आहे. जॉर्जियाच्या तीन जुन्या राज्यांपैकी कार्तलीचे राजे लाल चौकटीत, काखेतीचे हिरव्या आणि इमेरेतीचे निळ्या. मुख्रानीची शाखा उजव्या बाजूला पिवळ्या रंगात सुरू होते. प्रत्येक नाव रोमन आणि जॉर्जियन अशा दोन लिप्यांत आहे, मात्र जॉर्जियन अक्षरे इतकी बारीक आहेत की ती वाचण्यासाठी मी भिंग टेबलावरच ठेवतो. पहिल्या पावसाळ्यातच कडा फुगू लागल्या. तो प्रकार पुढे सांगतो.

जिथे बापामागून मुलगा असा सरळ वारसा आहे तिथे तक्त्याला तोड नाही. मुख्रानी म्हणजे त्बिलिसीच्या वायव्येला, क्सानी आणि अरागवी या नद्यांच्या मधला सुपीक पट्टा. नावात 'मुखा', म्हणजे ओक वृक्ष, दडलेला आहे. १५१२ साली कार्तलीचा राजा दावित दहावा याने हा मुलूख धाकटा भाऊ बाग्रात याला तोडून दिला, कारण शेजारच्या काखेतीचा राजा गिओर्गी दुसरा वारंवार चाल करून येत होता आणि त्याच्या वाटेवर कुणीतरी घरचा माणूस बसवणे आवश्यक होते. बाग्रातने क्सानीच्या काठावर किल्ला उभारून तो झुंजवला आणि १५१३ साली गिओर्गीला पकडून भावाच्या स्वाधीन केले. गिओर्गी कैदेतच मेला आणि काखेती काही वर्षे कार्तलीच्या ताब्यात गेली. मुख्रानीच्या धन्यांना 'मुख्रानबातोनी' म्हणतात, 'बातोनी' म्हणजे धनी किंवा मालक. गावाचे नाव आणि मालकी एकाच शब्दात बांधणारे हे बिरुद आपल्याकडच्या वतनदारांच्या आडनावांची सवय असलेल्या वाचकाला लगेच ओळखीचे वाटेल. तक्त्यावर ही सुरुवात दोन बोटांच्या जागेत स्वच्छ कळते.

पुढच्या पिढीपासून तक्त्याची मर्यादा जाणवू लागते. केतेवान ही बाग्रातचा मुलगा अशोतान याची कन्या, म्हणजे पिवळ्या शाखेतली. पण तक्त्यावर तिचे नाव पिवळ्यात कुठेच नाही. ते सापडते हिरव्या भागात, काखेतीच्या दावित राजाच्या चौकटीखाली, करड्या अक्षरांत, 'पत्नी' म्हणून. माहेरकडे जाणारी रेघ नाही. भाच्याच्या प्रश्नाचे उत्तर याच तक्त्यात होते, पण ते शोधायला मला दोन आठवडे लागले आणि शेवटी पुस्तिकेतल्या एका तळटिपेने सोडवले. ज्या मुलीने १६०५ साली बाप आणि भाऊ यांचा खून करून गादी बळकावणाऱ्या दिराविरुद्ध काखेतीचे सरदार उभे केले आणि आपला मुलगा तेइमुराझ याचा मार्ग मोकळा केला, तिला तिच्या माहेरच्या घराण्याच्या तक्त्यात जागा नसावी, ही मला या उत्पादनातली सर्वांत मोठी उणीव वाटते.

दुसरी अडचण दत्तकाची. इराणच्या अंकित असलेल्या कार्तलीचा राजा रोस्तोम निपुत्रिक होता. त्याने मुख्रानबातोनी वाख्तांग याला दत्तक घेतले आणि १६५८ साली हाच वाख्तांग पाचवा, इराणी दरबारातील नाव शाहनवाज, कार्तलीच्या गादीवर आला. मुख्रानी घराण्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा क्षण हाच, कारण येथून दीडशे वर्षांची सरदारकी राजपदाला पोचली. मुख्रानीचे वतन धाकटा भाऊ कोन्स्तांतीने याच्याकडे गेले आणि आजचे मुख्रानी त्याच्या वंशातले आहेत. तक्त्यावर मात्र लाल रेघ रोस्तोमपाशी संपते आणि पिवळ्यातला एक चौकोन अचानक लाल होतो. मधे काय झाले याचा मागमूस नाही. छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या वंशावळी वाचत वाढलेल्या माणसाला दत्तकाची तुटक रेघ गृहीतच असते. ती नसली की सगळे अधांतरी वाटते.

याच वाख्तांगने नंतर जो डाव मांडला तो तर कोणत्याच वंशवृक्षात मावणारा नाही. १६६१ साली त्याने पश्चिमेकडच्या इमेरेतीवर चाल करून तेथे आपला मुलगा आर्चील याला बसवले. इमेरेती उस्मानी तुर्कांच्या कक्षेत येत असल्याने तुर्कांनी हरकत घेतली, इराणच्या शाहला तुर्कांशी असलेला तह मोडायचा नव्हता, म्हणून १६६३ साली आर्चीलला काढून घ्यावे लागले. लगेच पुढच्या वर्षी तो काखेतीच्या गादीवर दिसतो. म्हणजे एकच मनुष्य तक्त्यावर निळ्या, हिरव्या आणि पिवळ्या अशा तीन ठिकाणी आहे आणि तिन्ही ठिकाणी त्याच्या कारकिर्दीची वेगवेगळी वर्षे आहेत. पहिल्या महिन्यात मी ही छपाईची चूक समजून विक्रेत्याला पत्रही लिहिले. चूक माझीच होती, ते येथे नमूद करतो.

नावांचा गोंधळ सर्वांत जास्त वेळ खातो. इराणच्या सफवी राजघराण्याच्या दरबारात मानाचे पद हवे तर इस्लाम स्वीकारून इराणी नाव घ्यावे लागे, म्हणून या घराण्यातल्या बहुतेक कर्त्या पुरुषांना दोन-दोन नावे आहेत. वाख्तांग पाचव्याचा मुलगा गिओर्गी अकरावा हाच इराणी साधनांतला गुर्गीन खान. औरंगजेब दख्खनेत मराठ्यांशी झुंजत असताना, १७०४ च्या सुमारास, शाहने या गिओर्गीला कंदाहारवर नेमले. हा तोच कंदाहार, जो परत मिळवण्यासाठी शाहजहानच्या फौजांनी तीन वेळा वेढा घातला आणि तिन्ही वेळा हात हलवत परतल्या. गिओर्गीने जॉर्जियन सैन्यासह बलुचांचे बंड मोडले आणि गिलझाई या अफगाण टोळीचा सरदार मीर वैस याला पकडून इराणची राजधानी इस्फहानला पाठवले. मीर वैसने दरबारात वजन वाढवले, तो परत आला आणि एप्रिल १७०९ मध्ये त्याने गिओर्गीला ठार केले. सूड घ्यायला गेलेला पुतण्या काइखोस्रो १७११ साली तेथेच पडला. पुढे १७२२ साली मीर वैसच्या मुलाने इस्फहानवर चाल केली, तेव्हा गुलनाबादच्या लढाईत शाहच्या बाजूने लढताना काइखोस्रोचा भाऊ रोस्तोम मारला गेला. एका दरीचे वतन असलेले हे घराणे तीन पिढ्यांत इराणी साम्राज्याच्या पूर्व सीमेचे खांब झाले आणि ते खांब पडल्यावर छतही फार दिवस टिकले नाही. तक्त्यावर या तिघांच्या चौकटींत केवळ मृत्यूची साले आहेत. गुर्गीन खान हे नाव पुस्तिकेच्या सूचीतही नाही. मी शेवटी फारसी नावे पेन्सिलीने चौकटीशेजारी लिहून काढली, आणि तक्ता खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा झाला तो त्यानंतर.

पुस्तिकेचे कौतुक करायचे तर वाख्तांग सहाव्यावरील आठ पानांचे करावे लागेल. काका गिओर्गी अकरावा कंदाहारात असताना राज्याचा कारभार पाहणाऱ्या या वाख्तांगने कायद्यांची संहिता तयार करवली, वलाखियातून (आजच्या रोमानियातून) कारागीर आणून १७०९ साली त्बिलिसीत जॉर्जियन छापखाना सुरू केला आणि १७१२ साली मध्ययुगीन जॉर्जियन कवी रुस्तावेलीचे महाकाव्य प्रथमच छापून काढले. जुन्या बखरी तपासून एकत्र करण्यासाठी त्याने विद्वानांचे मंडळही नेमले. रशियाचा सम्राट पीटर याच्यावर भरवसा ठेवून त्याने इराणशी उघड वैर घेतले, पीटरची मदत आली नाही, आणि १७२४ साली सुमारे बाराशे माणसे बरोबर घेऊन त्याला रशियाची वाट धरावी लागली. १७३७ साली तो आस्त्राखानला वारला. त्याचा मुलगा वाखुश्ती याने १७४५ साली मॉस्कोत जॉर्जियाचे भूवर्णन पूर्ण केले. तो औरस नव्हता, म्हणून तक्त्यावर त्याच्यापर्यंत येणारी रेघ तुटक आहे. म्हणजे तुटक रेघ काढायची सोय छापणाऱ्याकडे होती. ती दत्तकासाठी का वापरली नाही, हे कोडे आहे. नेपोलियनविरुद्धच्या बोरोदिनोच्या लढाईत १८१२ साली जखमी होऊन मरण पावलेला रशियन सेनापती प्योत्र बाग्रातिओन हा याच वाख्तांगचा भाऊ इएसे याच्या वंशातला, हे मला या तक्त्यामुळेच प्रथम कळले आणि त्या दिवशी पैसे वसूल झाल्यासारखे वाटले.

एका बाबतीत तक्ता पक्षपाती आहे आणि घेणाऱ्याने ते आधीच ओळखून असावे. वाख्तांग सहाव्याची मुलगी तामार काखेतीच्या तेइमुराझ दुसऱ्याला दिली होती. १७४४ साली कार्तलीची गादी तेइमुराझकडे गेली आणि त्यांचा मुलगा एरेक्ले दुसरा याने १७६२ साली दोन्ही राज्ये एक केली. शेवटचे राजे त्यामुळे काखेती शाखेचे, पण रक्ताने मुख्रानीचे नातूपणतू. आज राजकुळाचे प्रमुखपद कुणाचे, हा वाद याच दोन शाखांत आहे. तक्ता मुख्रानीची बाजू मोठ्या ठशात छापतो आणि तामारला केतेवानसारखेच करड्या अक्षरांत ठेवतो. एकोणिसाव्या शतकात १८७८ साली मुख्रानीत द्राक्षमद्याचा कारखाना काढणाऱ्या सेनापती इवानेच्या नावाभोवती मात्र द्राक्षाची वेल छापली आहे.

जूनमध्ये कडा फुगल्या तेव्हा मी घाईने बाजारातून लॅमिनेशन करून आणले. माझ्या पेन्सिलीच्या नोंदी त्यामुळे वाचल्या, पण नव्या नोंदींसाठी आता काचेवर लिहायचे पेन वापरावे लागते आणि दमट दिवसांत त्या बोटाने पुसल्या जातात. कोकण-गोव्यात राहणाऱ्यांनी तक्ता आला की आधी महिनाभर पेन्सिल हातात घेऊन वाचावा, माहेरच्या आणि दत्तकाच्या रेघा स्वतः काढाव्यात आणि मगच त्यावर प्लास्टिक चढवावे. पुस्तिका इंग्रजी असल्याने आणि सूची अपुरी असल्याने शाळकरी मुलांसाठी मी हा संच सुचवणार नाही. ज्यांना इराण, अफगाणिस्तान आणि कॉकेशस यांचा सतराव्या-अठराव्या शतकातला इतिहास एकत्र वाचायचा आहे, त्यांनी जरूर घ्यावा. गणपतीला भाचा येणार आहे. केतेवानच्या करड्या नावापासून पिवळ्या अशोतानपर्यंत काढलेली रेघ लॅमिनेशनच्या आत आहे, ती त्याला दाखवायची आहे.