रायझन ५ ५६००: टिकाऊ ओव्हरक्लॉकसाठी कसा आहे?

एएमडीचा रायझन ५ ५६०० हा डेस्कटॉप प्रोसेसर एप्रिल २०२२ मध्ये १९९ डॉलरला आला. सहा कोअर, बारा थ्रेड, ३२ एमबी एल३ कॅश, टीडीपी (कंपनीने ठरवलेला उष्णतेचा आकडा) ६५ वॅट. मल्टिप्लायर (प्रोसेसरचा वेग ठरवणारा गुणक) खुला आहे, म्हणजे ओव्हरक्लॉक करून वेग मूळ मर्यादेच्या वर नेता येतो, आणि त्यासाठी महागडा बोर्ड लागत नाही, बी४५० किंवा बी५५० पुरतो. ए५२० मात्र टाळा, त्या चिपसेटवर प्रोसेसर ओव्हरक्लॉक करण्याची सोयच दिलेली नाही. याच वर्गातल्या इंटेल आय५-१२४०० चा मल्टिप्लायर बंद असतो, त्यामुळे बेताच्या बजेटमध्ये हौसेने काही करून बघायचं असेल तर ५६०० ची बाजू आधीच वरचढ होते.

पण जुन्या सवयीने मल्टिप्लायर वाढवत आणि व्होल्टेज चढवत गेलात तर हा प्रोसेसर फारसं काही देत नाही. याचा वेग व्होल्टेज कमी करून वाढतो. आणि तो ओव्हरक्लॉक टिकाऊ आहे की नाही हे सिनेबेंचमध्ये (सगळ्या कोअरवर भार टाकणारी वेगचाचणी) दिसत नाही, पीसी जवळजवळ रिकामा बसलेला असताना दिसतं. बहुतेकांची फसगत इथेच होते.

आधी फायदा किती ते पाहू. डब्यावर ४.४ गिगाहर्ट्झ लिहिलंय, प्रत्यक्षात हलक्या कामात कोअर ४.४५ पर्यंत जातात. पीबीओमध्ये (एएमडीची स्वयंचलित ओव्हरक्लॉकची सोय) जास्तीत जास्त २०० मेगाहर्ट्झची वाढ मिळते, म्हणजे ४.६५. साडेचार टक्के. ऐकायला थोडं वाटतं, पण ५६००एक्स मुळात तेवढ्यावरच चालतो, त्यामुळे ओव्हरक्लॉक करणाऱ्याने ५६००एक्ससाठी वेगळे पैसे मोजण्याचं कारण उरत नाही. सगळे कोअर राबतात अशा कामात, म्हणजे व्हिडिओ एन्कोडिंग किंवा रेंडरिंगमध्ये, फायदा अजून स्पष्ट होतो. तिथे प्रोसेसर ७६ वॅटच्या पीपीटी (एकूण वीज) मर्यादेला टेकलेला असतो. व्होल्टेज उतरवलं की त्याच वॅटमध्ये जास्त वेग बसतो.

हे काम पीबीओमधला कर्व्ह ऑप्टिमायझर करतो. कोणत्या वेगाला किती व्होल्टेज याचा आलेख प्रत्येक कोअरसाठी कारखान्यातच ठरलेला असतो आणि त्यात सुरक्षिततेसाठी थोडी ढील ठेवलेली असते. निगेटिव्ह आकडा दिला की तो आलेख खाली सरकतो, एका पायरीला साधारण ३ ते ५ मिलिव्होल्ट. उणे १५ म्हणजे अंदाजे ४५ ते ७५ मिलिव्होल्टची बचत. मर्यादा उणे ३० पर्यंत. मॅन्युअल ओव्हरक्लॉकमध्ये सगळ्यात कमकुवत कोअर झेपवेल तोच वेग सगळ्यांना मिळतो आणि पीपीटी, टीडीसी (सततचा करंट), ईडीसी (क्षणिक कमाल करंट) या तिन्ही मर्यादा निकामी होतात. कर्व्हमध्ये प्रत्येक कोअरला त्याच्या कुवतीप्रमाणे वागवता येतं. म्हणून आमची पसंती निःसंशय कर्व्हला.

डब्यातला रेथ स्टेल्थ कूलर मूळ वेगाला चालून जातो, ओव्हरक्लॉकला नाही. प्रोसेसरचे सहाही कोअर सुमारे ८० चौरस मिलिमीटरच्या एका तुकड्यात दाटलेले आहेत आणि तो तुकडा झाकणाच्या बरोबर मध्यभागी नाही, त्यामुळे एवढ्याशा जागेतून उष्णता बाहेर काढणं अवघड जातं. चार हीटपाइप आणि १२० मिमी पंख्याचा साधा टॉवर, डीपकूल एके४०० च्या तोडीचा, भरपूर झाला. लिक्विड कूलिंगवर खर्च करू नका. खोलीचं तापमान मात्र हिशेबात धरा: डिसेंबरात पुण्यात २२ अंशांत ७० दाखवणारा प्रोसेसर मे महिन्यात नागपूर-अकोल्याच्या ३८ अंशांच्या खोलीत तेच काम करताना ८६ च्या आसपास जाणार. याची कमाल मर्यादा ९० आहे.

कूलर बदलताना घाई नको. एएम४ चे १३३१ पिन प्रोसेसरच्या अंगाला असतात. जुनी पेस्ट सुकून चिकटली असेल तर सरळ वर ओढल्यावर लॉक असलेल्या सॉकेटमधूनसुद्धा प्रोसेसर कूलरसकट उपसून येतो आणि पिन वाकतात. आधी दहा मिनिटं एखादा जड प्रोग्राम चालवून पेस्ट गरम करा, पीसी बंद करा, स्क्रू एकाआड एक कोपऱ्यातले थोडे थोडे सैल करा, मग कूलर डावी-उजवीकडे हलकासा फिरवत पेस्ट सुटली की उचला. बोर्डामागची बॅकप्लेट त्याच स्क्रूंवर तोललेली असते, शेवटचा स्क्रू निघाला की ती मागे पडते. एका हाताने धरून ठेवा.

आता बायोस, म्हणजे बोर्डाची मूळ सेटिंग. आधी नवीन आवृत्ती टाका. मग ‘एएमडी ओव्हरक्लॉकिंग’ मेन्यूत पीबीओ ‘ॲडव्हान्स्ड’वर घ्या. अनेक बोर्डांवर हीच सेटिंग दोन ठिकाणी दिसतात, एक बोर्ड कंपनीच्या टॅबमध्ये आणि एक एएमडीच्या मेन्यूत. दोन्हीकडे वेगवेगळे आकडे भरले तर नक्की कोणते लागू झाले ते कळत नाही, तेव्हा एकच जागा धरा. मूळ मर्यादा पीपीटी ७६ वॅट, टीडीसी ६० अँपिअर, ईडीसी ९० अँपिअर आहेत. चांगला कूलर असेल तर ९५, ७० आणि १०० ठेवा. ‘मदरबोर्ड लिमिट्स’ निवडू नका, उष्णता वाढते आणि वेगात फरक नगण्य. स्केलर (पीबीओ जास्त व्होल्टेज किती वेळ टिकवतो ते) १ एक्स. थर्मल लिमिट ८५. लोडलाइन कॅलिब्रेशन (भार आल्यावर व्होल्टेज किती घसरू द्यायचं ते) ऑटोवरच राहू द्या. सुरुवातीला वेगवाढ शून्य ठेवून सगळ्या कोअरला उणे १५ द्या. ते पक्कं झाल्यावरच २०० मेगाहर्ट्झ लावा. दोन्ही एकदम केलं तर बिघाड कशामुळे आला ते शोधत बसावं लागतं.

यूट्यूबवर सर्रास सांगतात की सगळ्या कोअरना उणे ३० टाका, मस्त चालतं. सिनेबेंचमध्ये चालतंच. तिथे सगळे कोअर भारित असतात, वेग थोडा खाली येतो आणि आलेखाचा वरचा टोकाचा भाग वापरलाच जात नाही. खरी परीक्षा एकच कोअर क्षणभर ४.६५ ला उडी मारतो तेव्हा होते: ब्राउझर उघडताना, स्लीपमधून उठताना, रात्री डाउनलोड चालू ठेवून झोपल्यावर. तेव्हा व्होल्टेज अपुरं पडलं की पीसी काही न सांगता रीस्टार्ट होतो, निळी स्क्रीनसुद्धा येत नाही.

म्हणून चाचणीसाठी कोअरसायकलर वापरा. तो प्राइम९५ हा गणितं करून ताण देणारा प्रोग्राम एका वेळी एकाच कोअरवर चालवतो. एसएसई (हलक्या सूचनांचा) मोड आणि ह्यूज एफएफटी (मोठ्या आकाराची गणितं) ठेवा. एव्हीएक्स या जड सूचनांमध्ये भार जास्त पडतो, वेग उतरतो आणि पाहायचं तेच निसटतं. प्रत्येक कोअरला सहा मिनिटं दिली की एक फेरी ३६ मिनिटांची होते. रात्रभर लावल्यावर आठ तासांत तेरा फेऱ्या. कोणत्या कोअरवर राउंडिंग एरर (गणिताचं उत्तर चुकल्याची खूण) आली ते लॉगमध्ये दिसतं. त्या कोअरचा आकडा ३ ते ५ ने शून्याकडे आणा आणि पुन्हा रात्रभर लावा. चाचणीआधी महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या, अचानक बंद पडण्यात फाइल खराब होऊ शकते.

पीसी थेट रीस्टार्ट झाला तर इव्हेंट व्ह्यूअरमध्ये विंडोज लॉग्ज, सिस्टिम इथे जा आणि व्हिया-लॉगरची (विंडोजमधली हार्डवेअर-दोषांची नोंद) १८ क्रमांकाची नोंद शोधा. ‘कॅश हायरार्की एरर’ लिहिलेलं असेल, खाली एपीआयसी आयडी (थ्रेडचा क्रमांक) असेल. हा आकडा ० ते ११ असतो. त्याला दोनने भागा, बाकी सोडून द्या: ७ असेल तर कोअर ३. बायोसमध्येही मोजणी शून्यापासून असते. एचडब्ल्यूइन्फो हा हार्डवेअरची माहिती दाखवणारा प्रोग्राम ज्यांना सर्वोत्तम म्हणून दाखवतो ते दोन कोअर बहुधा सगळ्यात आधी पडतात, कारण विंडोज हलकी कामं त्यांच्याकडेच ढकलतो आणि त्यांच्या आलेखात ढील मुळातच कमी असते. त्यांना उणे ८ ते १५, बाकीच्यांना उणे २० ते ३० अशी मांडणी पुष्कळदा जुळते, पण दुसऱ्याचे आकडे उचलून वापरू नका. प्रत्येक नग वेगळा.

एचडब्ल्यूइन्फोमध्ये ‘इफेक्टिव्ह क्लॉक’ही बघा. भार असलेल्या कोअरवर वरचा क्लॉक ४.६५ आणि इफेक्टिव्ह ४.५ असेल तर व्होल्टेज अपुरं पडतंय आणि चिप आतल्या आत वेग ताणून घेतेय. नुसता आकडा मोठा दिसतो, काम होत नाही.

प्रत्येक दोष ओव्हरक्लॉकच्या माथी मारायचा नाही. मूळ सेटिंगवरही रिकामा पीसी रीस्टार्ट होत असेल तर ‘पॉवर सप्लाय आयडल कंट्रोल’ला ‘टिपिकल करंट आयडल’ करून पाहा, जुन्या एसएमपीएसना (पॉवर सप्लाय) अगदी कमी करंट झेपत नाही. मध्येच सेकंदभर सगळं अडखळत असेल तर एफटीपीएमचा (प्रोसेसरमधली सुरक्षा सोय) जुना दोष असू शकतो, तो एजीसा १.२.०.७ (एएमडीचा बायोससाठीचा मूळ कोड) वर आधारलेल्या बायोसमध्ये दुरुस्त झाला. आणि रॅम आधी वेगळी तपासा. एक्सएमपी (रॅमचं जाहीर वेगाचं प्रोफाइल) लावून, कर्व्ह शून्यावर ठेवून मेमटेस्ट८६ या रॅम-चाचणीच्या चार फेऱ्या निर्दोष जायलाच हव्यात.

रॅमबद्दल एवढंच: डीडीआर४-३६०० सीएल१६ (विलंबाचा आकडा) आणि एफक्लॉक (प्रोसेसरमधल्या जोडमार्गाचा वेग) १८००, म्हणजे रॅमच्या क्लॉकशी एकास एक. गेमिंगमध्ये ३२०० वरून इथे येण्याचा फायदा प्रोसेसरच्या २०० मेगाहर्ट्झइतका, बऱ्याचदा जास्तच असतो. १९०० काही नगांवर चालतं, पण व्हियाच्या १९ क्रमांकाच्या नोंदी येऊ लागल्या तर मुकाट्याने १८०० वर या. त्या चुका दुरुस्त होत राहतात म्हणून पीसी बंद पडत नाही, पण वेग खातात.

वॉरंटीचा मुद्दा खरेदीआधीच मनात हवा. एएमडीच्या अटींनुसार पीबीओ आणि कर्व्ह ऑप्टिमायझरसुद्धा ओव्हरक्लॉकिंगमध्येच मोडतात, त्यातून झालेलं नुकसान वॉरंटीत बसत नाही. कर्व्हच्या वाटेने व्होल्टेज खालीच जातं, म्हणून चिपला धोका फार कमी, तरी अट ती अटच.

सहज लावून विसरून जायचं असेल त्यांनी सगळ्या कोअरला उणे १० द्यावं, वेगवाढ १०० ठेवावी आणि एक रात्र चाचणी घ्यावी. नेटाने आठवडाभर बसणाऱ्याला त्याहून दोन-तीन टक्के जास्त मिळतील. आकडे जमले की बायोस प्रोफाइल सेव्ह करा आणि प्रत्येक कोअरचा आकडा कागदावर लिहून ठेवा. बायोस अपडेट केल्यावर सेव्ह केलेलं प्रोफाइल अनेक बोर्डांवर उघडत नाही, आणि उघडलं तरी नव्या बायोसवर चाचणी पुन्हा घ्यावीच लागते.