वाढत्या वर्कशॉपमध्ये आधी कशाला हात घालायचा?

भोसरी, सातपूर, शिरोली, कुठल्याही एमआयडीसीतला जॉबवर्कचा, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांचे पार्ट बनवून देणारा, छोटा कारखाना घ्या. ऑर्डरी वाढल्या की दुखणीही एकदम वर येतात: डिस्पॅच उशिरा, रिजेक्शन जास्त, पेमेंट अडकलेलं, चांगला सेटर (मशीनवर जॉब लावून देणारा कारागीर) सोडून चाललेला. आधी काय सोडवायचं हे ठरवायच्या चार रीती आहेत, आणि त्या सारख्या वजनाच्या नाहीत.

जो ग्राहक जास्त ओरडतो त्याचं काम आधी, ही सगळ्यात जास्त चालणारी रीत. त्या दिवशीचा फोन थांबतो, बस. चढवलेला जॉब उतरवून दुसरा लावण्यात सेटिंगचा वेळ जातो आणि उद्या तिसऱ्याचा माल रखडतो.

पॅरेटोची रीत गुणवत्ता-तज्ज्ञ जोसेफ जुरान यांनी गुणवत्तेच्या कामात रुजवली. बहुतेक दोष मोजक्याच कारणांतून येतात, म्हणून महिन्याचं रिजेक्शन कारणवार लिहायचं आणि वरची दोन-तीन कारणं धरायची. रिजेक्शन कमी करायला ही रीत उत्तम. पण सगळं काम नेमकं कुठे तुंबलंय, हे त्या तक्त्यात दिसत नाही.

ते दिसतं व्यवस्थापनाचे अभ्यासक एलियाहू गोल्डरॅट यांच्या रीतीत: सगळ्यात हळू टप्पा शोधायचा आणि आधी तोच सोडवायचा. समजा, लेथवर तासाला 30 नग होतात, व्हीएमसीवर (संगणकाने चालणारं उभं मिलिंग मशीन) 12, तपासणीत 40. मग कारखान्यातून तासाला 12च नग बाहेर पडणार. लेथ 40 वर नेली तरी फक्त व्हीएमसीसमोरचा ढीग वाढतो. उलट, व्हीएमसीवर दिवसाला तीन सेटिंग होत असतील आणि प्रत्येकीचा एक तास अर्ध्यावर आणला, तर दीड तास सुटतो, म्हणजे 18 नग. पैसा न घालता! तपासणीही व्हीएमसीच्या आधी करा. लेथवरच बिघडलेल्या नगावर तिथली मिनिटं कशाला घालवायची? हे सगळं करून झाल्याशिवाय नव्या मशीनच्या कर्जावर सही करू नका, हे मी अगदी कळकळीने सांगतो.

चौथी रीत, रोकड आधी. पुढच्या महिन्याचा पगार आणि हप्ता ओव्हरड्राफ्टवर अवलंबून असेल, तर हीच पहिली. उत्पादन वाढलं की कच्चा माल, टूल, मजुरी यांत जास्त पैसा अडकतो. वसुली ढिली असताना वाढ अंगावर येते. 2006च्या एमएसएमई कायद्याने सूक्ष्म आणि लघु पुरवठादाराचं बिल, लेखी करार असला तरी, 45 दिवसांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. 250 कोटींवर उलाढाल असलेल्या कंपन्यांना ट्रेड्सवर (लघुउद्योगांना बिलाचे पैसे मुदतीआधी मिळवून देणारा ऑनलाइन मंच) नोंदणीही सक्तीची आहे. अर्थात नोंदणी केली म्हणजे ती कंपनी तुमचं बिल तिथे मंजूर करेलच असं नाही, तेव्हा ऑर्डर घेतानाच विचारा. आणि उद्यम नोंदणी (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंद) नसेल तर ती आजच करा.

माझा क्रम असा: रोकड धोक्यात असेल तर ती, नाहीतर थेट तुंबलेली जागा. पॅरेटो त्या जागेपुरता वापरा. सेटर जात असेल आणि तो व्हीएमसीचाच असेल, तर त्याचा पगार हाही तुंबलेल्या जागेचाच प्रश्न. फोनवरची ओरड शेवटी. प्रेसचं गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेलं कव्हर) निघालेलं असेल तर मात्र यातला कुठलाच क्रम लागू नाही. आधी प्रेस बंद करा.

व्हीएमसी सुटली की अडथळा दुसरीकडे सरकतो. बऱ्याचदा तो मालकाच्या टेबलावर येतो, कारण कोटेशन दुसरं कुणी काढत नाही. तेव्हा नेहमीच्या पार्ट्सचे दर सुपरवायझरला ठरवून द्या आणि तुमच्याकडे फक्त नवी ड्रॉइंग येऊ द्या.